वाऱ्यानं लागलेलं दार

रवळोजी नाइकांना माणसांची पारख नव्हती, असं शालनबाईंचं मत तिसऱ्या दिवशी पक्कं झालं. दारात येईल त्याला ‘या’ म्हणायचं, ही काय रीत झाली? बाजारातून मेथीची जुडी घ्यायची तरी शालनबाई ती उलटीसुलटी करून, एखादा देठ मोडून बघत. आणि हा माणूस, नऊशे जीव पोटात घेतलेल्या गडाचा धनी, खालून धुरळा उडवत येणाऱ्या गर्दीकडं एकदा बघायचा आणि हात वर करून म्हणायचा, “दार उघडं ठेवा. समद्यांस्नी आत घ्या.” मग घोंगड्यांखाली भाले लपवलेले पेंढारी गर्दीतून आत शिरायचे आणि चहा निवायच्या आत तिवणगड पडायचा.

तीन दिवसांत सत्तावीस वेळा पडला होता.

“पुन्हा लाव,” असं त्या नातीला म्हणत, आणि नात पुन्हा लावी. सोप्यातल्या भिंतीवर कंपनीनं दाराएवढी काच बसवली होती. तिच्यात नाईक बैठकीवर बसलेले दिसत: अडतीस वर्षांचे, डोईला मुंडासं, नाक थेट शालनबाईंच्या कैलासवासी नवऱ्याचं. पहिल्यांदा ते नाक बघितलं तेव्हा बाईंचा हात आपोआप पदराकडं गेला होता. मग त्यांना प्रश्न पडला होता की पदर घ्यायचा कुणासाठी? नात्यानं हा सात पिढ्यांनी थोरला सासरा, आणि वयानं धाकट्या दिराहूनही लहान. पदर त्यांनी घेतला. पण पंचाहत्तरीची बाई समोर येऊन उभी राहिली तरी नाईक बसल्या जागचे हलले नाहीत, हेही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं. काचेला समोरच्याचं नाव-गाव सांगितलं की नाईक त्या नावानं बोलत. “तिवण्याच्या शालनबाई,” ते बसूनच म्हणाले होते, “सल्ला काय आपला?”

शालनबाईंनी सत्तावीस वेळा सल्ला दिला होता, की दार लावा. सत्तावीस वेळा नाइकांनी तो हसून ऐकला आणि दार उघडं ठेवलं.

सिद्धी ही शालनबाईंच्या एकुलत्या लेकीची मुलगी. कोल्हापुरात एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती आणि ‘मुलूख’ नावाचा जो खेळ घराघरांत पोचला होता, त्यातली माणसं घडवायचं काम तिच्याकडं होतं. आधीच्या खेळांत राजा म्हणजे नुसतं सोंग असायचं. मुंडासं राजाचं, डोकं खेळणाऱ्या पोराचं. ‘मुलूख’मध्ये तसं नव्हतं. इथं पुढाऱ्याला स्वतःचा स्वभाव होता. खेळणारा त्याचा सल्लागार. सल्ला पटला तर पुढारी ऐकेल, नाही पटला तर तुम्हाला घेऊन बुडेल. त्यामुळं पुढारी निवडणं हे जावई निवडण्यासारखं जोखमीचं झालं होतं, आणि लोकांना त्याचंच वेड लागलं होतं. शाळांतूनही इतिहासाच्या तासाला हाच खेळ खेळवायला लागले होते. मुलांच्या लेखी आता पुस्तकातला माणूस खोटा आणि काचेतला खरा.

नव्या भागात कंपनीला वादग्रस्त पुढारी हवे होते. एका गावात पुतळा आणि दुसऱ्या गावात शिव्या, असे. लाखभर खेळणाऱ्यांनी मतं देऊन सहा जण निवडले, आणि त्यात तिवणघाटाचे रवळोजी नाईक आले. शालनबाईंनी त्या दिवशी भावकीत पेढे वाटले होते. वादग्रस्त म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. मोठमोठ्या राजांच्या रांगेत आपला माणूस बसला, एवढं त्यांना पुरे होतं.

वाद होता तो एकाच संध्याकाळचा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत, घाटाखालच्या वाड्यांची माणसं जीव घेऊन गडाकडं पळाली. बहुतेक आत आली. शेणवली गाव सगळ्यात लांब, त्याची माणसं शेवटी पोचत होती. ती पोचायच्या आत दरवाजा लागला. एकशे त्रेचाळीस माणसं दाराबाहेर कापली गेली आणि आत नऊशे वाचली. एवढं तीन वेगवेगळ्या कागदांत लिहिलेलं होतं, आणि तेवढ्यावर दोन्ही गावांचं एकमतही होतं. पुढचं मात्र ज्याचं त्याचं. वरच्या तिवण्यात नाइकांना ‘गडराखे’ म्हणत. खालच्या शेणवलीत त्यांचं नाव ‘दारबंद्या’. दोन गावांत सहा किलोमीटरचा रस्ता आणि दोन शतकांचा अबोला. त्या अबोल्यावरून चालत जाऊन शेणवलीत सून झालेली नाइकांच्या घराण्यातली पहिली मुलगी म्हणजे सिद्धीची आई, वैशाली. शालनबाईंनी तेव्हा वर्षभर लेकीशी भाषण केलं नव्हतं.

दार कसं लागलं, याचं नाइकांच्या घरातलं उत्तर ठरलेलं होतं. वाऱ्यानं लागलं. देवीआईची इच्छा, दुसरं काय.

स्वभाव यंत्रात कसा उतरवतात, ते सिद्धीनं आजीला पहिल्याच बैठकीत समजावलं होतं. यंत्र माणसाचं बोलणं बघत नाही, त्याचे निर्णय बघतं. त्या वेळी त्याला काय ठाऊक होतं, हातात काय होतं, आणि त्यानं काय केलं. मग ते स्वभावाचे हजारो कच्चे साचे तयार करतं. कुणाला मरणाहून लाज मोठी, कुणाला परक्यांपेक्षा रक्ताचं माणूस मोठं, कुणाला उद्यापेक्षा आज. प्रत्येक साच्याला तेच प्रसंग घालून बघायचे. खऱ्या माणसासारखं वागेल तो साचा ठेवायचा, बाकीचे मोडायचे. करत करत एक उरतो.

“म्हंजे सासूसारखं,” शालनबाई म्हणाल्या होत्या. “सून बोलत न्हाई. पर भांडं ठेवायच्या आवाजावरनं आमास्नी कळतं.”

“अगदी तसंच. आणि शेवटी परीक्षा असते. एक मोठा प्रसंग यंत्रापासून लपवून ठेवायचा. साचा तयार झाला की त्याला त्या प्रसंगात सोडायचं. न सांगता तो खऱ्यासारखा वागला, तर तो माणूस खरा उतरला.”

लपवायचा प्रसंग कोणता, हे सांगायला नको होतं. अडचण एवढीच की नाइकांची पत्रं मिळाली अवघी अकरा. बाकीचं घराण्याच्या तोंडूनच घ्यायचं होतं. आणि घराणं म्हणजे शालनबाई. नवऱ्यामागं भावकीनं नाकं मुरडली तरी थोरपणाची पगडी त्यांनी दुसऱ्या कुणाकडं जाऊ दिली नव्हती. दसऱ्याचं सोनं घेऊन शेणवलीला जायचा नाइकांचा मानही गेली अकरा वर्षं त्याच चालवत होत्या. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं बोलणं यंत्र चाळीस दिवस ऐकत होतं. त्यांनी रवळोजींचा चांगुलपणा ओंजळी भरभरून सांगितला. दुष्काळात धान्य वाटलं. आईच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. शत्रूच्या जखमी घोड्याला पाणी पाजलं. आणि एवढे मोठे असून दर दसऱ्याला पायी उतरून शेणवलीसारख्या गावाला सोनं द्यायला गेले, अशा मोठ्या मनाचे.

आणि आता परीक्षेत साचा हजार वेळा त्या संध्याकाळी उभा केला, तर नाइकांनी नऊशे चौऱ्याण्णव वेळा दार उघडं ठेवलं.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. दसऱ्याला खेळ बाहेर पडणार. तोवर साचा खरा उतरला नाही, किंवा दोन्ही गावांच्या वतीनं कुणी होकार दिला नाही, तर रवळोजी यादीतून बाद. शालनबाईंनी मधला मार्ग सुचवला. यंत्राला नुसतं सांगून टाक, की बाबा, तिथं दार लाव. सिद्धीनं मान हलवली. शिकवलेला पोपट आणि माणूस यातला फरक खेळणाऱ्या मुलांना लगेच कळतो, ती म्हणाली.

तो त्यांना आधीच कळला होता. चाचणीचा खेळ घाटातल्या शाळांना दिला होता, आणि शेणवलीची पोरं मुद्दाम रवळोजींना निवडून किती मिनिटांत गड पडतो याची पैज लावत होती. सोमवारच्या बाजारात भांडीवाल्यानं शालनबाईंना विचारलं, की काकी, तुमच्या नाइकांना दार लावायला येत न्हाई म्हणं, एखादी कडी देऊ का चांगली? आसपासची माणसं हसली. शालनबाईंनी हातातलं पातेलं परत ठेवलं आणि घर गाठलं. दोनशे वर्षं या घराण्यानं शिव्या पचवल्या होत्या. खुनी म्हणवून घेतलं होतं. पण येडं कुणी म्हटलं नव्हतं.

“तू काहीतरी सांगितलेलं नाहीस, आज्जी,” सिद्धी त्या दिवशी म्हणाली.

शालनबाईंनी तिला सांगितलं की लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, आणि चहा टाकायला उठल्या.

सिद्धीनं मग दुसरं टोक धरलं. तिच्या वडिलांची आई, इंदुबाई गावडे, शेणवलीतली सगळ्यात वयस्क बाई. तिच्या तोंडचे रवळोजी तिनं यंत्राला ऐकवले. ते निघाले राक्षस. पण तो साचाही बसेना. इंदुबाईंचे नाईक सकाळीच दार लावून मोकळे होत, कुठलंच गाव वर यायच्या आत. आणि पुढं दसऱ्याचा प्रसंग आला की हे राक्षस गडाखाली उतरायलाच तयार नसत. खरे रवळोजी तर पुढं छत्तीस वर्षं, मरेपर्यंत, दर दसऱ्याला उतरले होते. त्याची नोंद शेणवलीच्याच देवळात होती.

“दोघींचेही नापास,” सिद्धीनं फोनवर दोघींना सांगितलं. आणि दोघींना समोरासमोर बसवायचं ठरवलं.

इंदुबाई तिवण्यात आल्या त्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा. वैशालीच्या लग्नालाही त्यांनी वर पाय ठेवला नव्हता, लग्न खालीच लागलं होतं. घाटातून इलेक्ट्रिक एसटीनं आल्या, काठी टेकत सोप्यात शिरल्या आणि आधी दाराकडं वळून बघितलं. स्लॅबचं नवं घर, सागवानी दार, पितळी मूठ. पण दाराला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, अडसराची खोबणसुद्धा नव्हती. हे घाटात सगळ्यांना माहीत होतं. नाइकांच्या घराला कडी लागत नाही, चोराची छाती नाही, असं शालनबाई मोठ्या तोऱ्यात सांगत. पुण्याच्या पुतण्यानं चेहरा ओळखणारं कुलूप बसवून दिलं होतं, तेही त्यांनी दुसऱ्या दिवशी काढायला लावलं होतं.

काचेनं इंदुबाईंचं नाव-गाव विचारलं. सिद्धीनं सांगितलं. “शेणवलीच्या इंदुबाई,” नाईक बैठकीवरून हसतमुखानं म्हणाले, “यावं, बसावं.”

“बसलाय बघा कसा,” इंदुबाई म्हणाल्या, “सोयरा असल्यागत.”

चहा झाला, पोहे झाले. विहिणींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग शालनबाईंनी तोंड उघडलं ते वाकडंच. त्या म्हणाल्या, की नाइकांचं मन किती मोठं ते शेणवलीला कधी कळलंच नाही. सोनं द्यायला आलेल्या माणसाला वेशीबाहेर पाव पाव तास उन्हात उभं ठेवता तुम्ही. आमच्या ह्यांना ठेवलंत, अकरा वर्षं मला ठेवताय. आत बसून निवांत चहा पीत असाल, मग कुणीतरी सवडीनं ‘या’ म्हणायला येतं. आम्ही बोलत नाही, ते आमचं वळण.

इंदुबाईंनी बशी खाली ठेवली.

“चहा पितो म्हनता?” त्यांनी हळू विचारलं. “विहीणबाई, मी नावं घेती.”

शालनबाईंना कळलं नाही.

“एकशे तिरचाळीस. बापाच्या नावासकट. बारक्या पोरांची नावं ठेवली नव्हती, त्यांच्या आयांची घेती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई वेशीच्या आत बसून नावं घेती, आन शेवटचं नाव झालं की ‘या’ म्हनती. पयल्या दसऱ्याला तुमचे नाईक आले तवा आमची म्हातारी मुद्दाम वेशीत बसली. त्येला ऐकवत बसली. तिला वाटलं जाईल निघून. त्यो अनवाणी उभा ऱ्हायला. शेवटच्या नावापातूर. तवा तिला ‘या’ म्हनावंच लागलं. तुमी सोनं द्यायला येता ह्ये आमास्नी आत्ताच कळतंय. आमी समजतो, तुमी नावं ऐकायला येता.”

 दोन्हीकडची नात असून सिद्धीलाही हे ठाऊक नव्हतं. ते शेणवलीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या पोटातलं होतं.

“आता तुमी सांगा,” इंदुबाई म्हणाल्या. “हत्ती रेलला तरी हलायचं न्हाई असलं दार. त्ये वाऱ्यानं लागलं म्हनता. तुमच्या गडावरचा वारा लई शहाना हो. नेमकी आमची मानसं बघून सुटला.”

शालनबाईंचं घाटात नाव होतं ते उलट उत्तरासाठी. कुणी एक बोललं तर त्या दोन ऐकवत. आज मात्र अकरा दसरे त्यांना आठवत होते. उन्हात उभं राहताना पायाला चटके बसत, आतून बाईमाणसाचं काहीतरी पुटपुटणं कानावर येई, आणि त्या मनातल्या मनात म्हणत, चाललंय यांचं गप्पाष्टक.

त्यांनी सिद्धीला यंत्र चालू करायला सांगितलं.

त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट. नवी सून म्हणून त्या देवघरातली शस्त्रं पुसत होत्या, आणि सासूबाई शेजारी येऊन बसल्या. हे पुरुषांना सांगायचं नाही, सासूकडून सुनेकडंच जायचं, अशी आधी शपथ घातली. मग सांगितलं. कडी चोराच्या धाकानं गेलेली नाही. एका संध्याकाळी नाईक गडावरून घरी आले, कुणाशी बोलले नाहीत, आणि पहारीनं दाराची कडी कोयंड्यासकट उपटून काढली. बायकोनं विचारलं तर म्हणाले, दार बंद करायचा हक या घराचा संपला. त्यानंतर मरेपर्यंत ते उघड्या दारापाशीच झोपले.

आणखी एक सांगितलं. दुष्काळात नाइकांनी धान्य वाटलं हे खरं, पण कसं? माणशी एक मूठ. स्वतःच्या आईलाही रांगेत उभं केलं. म्हातारीनं नातवासाठी दुसरी मूठ उचलली, तर चारचौघांत तिच्या ओंजळीतून ती काढून घेतली. आई त्यांच्याशी पुढं कधी बोलली नाही. आईच्या शब्दाबाहेर न जाणारा मुलगा शालनबाईंनी स्वतः घडवला होता, चाळीस दिवसांत, चहा पीत पीत.

“मला वाटलं, जगात जाणार आमचा मानूस,” त्या इंदुबाईंकडं न बघता म्हणाल्या. “जरा धुऊन-पुसून पाठवावा.”

“पोरीला दाखवायच्या दिवशी करतो तसं,” इंदुबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण आवाज थोडा उतरला होता.

सिद्धीनं दोघींचं बोलणं यंत्राला दिलं. गडाच्या दाराचा प्रसंग आणि त्याचा उल्लेख तेवढा गाळून. मग जे झालं ते तिनं कामाच्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. कागद तेच अकरा होते. पण त्या दोन-तीन गोष्टी आत गेल्या आणि सगळ्या कागदांचा अर्थ फिरला. शेणवलीच्या अनाथ पोरांना गडावर ठेवून घेतल्याचं एक पत्र होतं. आधी यंत्रानं ते दयेत धरलं होतं, आता ते फेडीच्या खात्यात गेलं. एका पत्रात नाइकांनी स्वतःच्या मेव्हण्याला शिक्षा केली होती. आधी ते यंत्राला कुठंच बसत नव्हतं, आता आपसूक बसलं. एका डाळीनं आमटी बदलावी तसा माणूस बदलला. जुने साचे मोडत गेले, आणि दुपारचं जेवण होईतो एक उरला.

तिनं तो हजार वेळा त्या संध्याकाळी सोडला.

आकडे तिनं नंतर सांगितले. आधी एक वेळ काचेवर बघायचं ठरलं. दोघी विहिणी शेजारी शेजारी बसल्या.

नाईक तटावर होते. या वेळी ते हसत नव्हते. खालून एकेक वाडी येत होती आणि ते बोटांवर मोजत होते. दार सताड उघडं होतं. कारभारी म्हणाला दार लावा, तर नाईक नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हाही नाही. शेवटच्या वळणावर शेणवलीची माणसं दिसली. बायका, कडेवर पोरं, आणि त्यांच्यात मिसळलेले पेंढाऱ्यांचे घोडे. घोडे दोन वळणं खाली असते तर वेळ होता. माणसं एक वळण वर असती तर सगळी आत आली असती. नाईक तट उतरले. अडसराला चौघं लागतात, ते चौघं तिथं उभे होते. नाइकांनी त्यांना बाजूला केलं. “ह्ये तुमच्या माथी नको,” एवढंच म्हणाले, आणि खांदा लावून एकट्यानं अडसर ओढला. दार लागलं.

काचेतून काही वेळ नुसता बाहेरचा आवाज आला. इंदुबाईंचे ओठ हलत होते. त्या नावं घेत होत्या.

हजारात आठशे एकाहत्तर वेळा हेच झालं, सिद्धी म्हणाली. उरलेल्यांत कधी एका वळणाची चूक झाली, कधी उशीर झाला. पण एकदाही त्यांनी अडसर दुसऱ्याला ओढायला लावला नाही. साचा खरा उतरला होता. आता होकार बाकी होता.

इंदुबाईंनी डोळे पुसले आणि सांगितलं, की होकार देईन, पण एक अट. खेळात दार लागलं की पुढचा डाव लगेच सुरू करायचा नाही. आधी नावं. सगळी. आणि कुणाला ती गाळता येता कामा नयेत. सिद्धी म्हणाली, थोरल्याआई, पाव तास लागेल, पोरं खेळ सोडून जातील, कंपनी ऐकणार नाही. इंदुबाईंच्या आधी शालनबाईच बोलल्या. त्यांनी सांगितलं, की कंपनीला म्हणावं, नाईक पाहिजेत ना, मग नावांसकट घ्या. नाइकांच्या घराण्यानं दोनशे वर्षं पाव तास उन्हात काढलाय. ज्या पोराला सावलीत बसून तेवढा निघत नाही, त्यानं आमचा माणूस निवडू नये. दुसरे पाच आहेत.

सिद्धीनं तसंच्या तसं लिहून कंपनीला धाडलं. तास-दीड तास काही आलं नाही. मग उत्तर आलं: कबूल.

निघायच्या आधी नवा साचा समोर बसवून बघायचा म्हणून सिद्धीनं काच परत लावली. बैठक तीच, मुंडासं तेच, नाकही तेच. शालनबाईंनी पदर सारखा केला. “तिवण्याच्या शालनबाई,” नाईक म्हणाले, आणि बसून राहिले. मग काचेनं दुसरं नाव-गाव विचारलं, आणि सिद्धीनं ते सांगितलं.

शेणवली हा शब्द ऐकला आणि नाईक उठले.

कुणी शिकवलं नव्हतं. सिद्धीनं चमकून हातातल्या यंत्राच्या पाटीकडं बघितलं, तिथंही तसं काही लिहिलेलं नव्हतं. नाईक बैठकीवरून खाली उतरले, पायातले जोडे काढून बाजूला ठेवले आणि हात जोडून काचेच्या कडेला उभे राहिले, चौकटीच्या बाहेर थांबावं तसे. यावं म्हणाले नाहीत, बसावं म्हणाले नाहीत. कुणाची तरी वाट बघत होते.

इंदुबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. 

शालनबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. काचेसमोर गेल्या. सात पिढ्यांच्या थोरल्या सासऱ्यापुढं सुनेनं डोळा वर करायचा नसतो, पण त्यांनी डोक्यावरचा पदर तेवढा राखला आणि नजर सरळ वर केली.

“नाईक,” त्या म्हणाल्या, “मी तुमची सून. तुमास्नी भला मानूस करायला निघाले हुते, त्येची माफी मागती. भले तर गावोगाव हाईत. दार लावलं त्ये बरूबर का चूक, त्ये ह्या विहीणबाईंच्या गावानं ठरवायचं, माझ्या तोंडून त्ये निघायचं न्हाई. पर तुमी सोताच्या हातानं लावलं, आन त्यो हात कधी लपवला न्हाई. वाऱ्यावर ढकललं त्ये आमी, तुमच्या मागं आलेल्यांनी. आजपासनं ह्या घरात वाऱ्याचं नाव निघायचं न्हाई. तुमच्या घरची सून म्हनून मी मान वर करून मिरवीन, काल मिरवत हुते त्याच्या दुप्पट मिरवीन. आन आता हितंच उभं ऱ्हावा. ह्या बाई ‘बसा’ म्हनंस्तवर बसायचं न्हाई.”